बिनगिलाव्याचं हॉटेल

माझी पुतळावहिनी कुणाकडे पाहुणी गेली, की चहा यायच्या आत उठायची आणि भिंतीला बोटाच्या पेरांनी टकटक करायची. घरातली माणसं एकमेकांची तोंडं बघायची. मी मान खाली घालून बसायचो. "आपलीच हाय रं!" ती खोलीच्या त्या टोकावरून मला ओरडून सांगायची, आणि लगेच तोंड पाडून जागेवर येऊन बसायची. वीट आपली निघाली याचा आनंद आणि ती दिसत नाही याचा राग, दोन्ही तिला एकाच वेळी व्हायचं. बशीतला चहा फुर्र करून ओढताना ती त्या गुळगुळीत निळ्या भिंतीकडे अशी बघायची, की यजमानाला वाटावं आपलं काहीतरी चुकलंच.

आमचं गाव अंबाडीच्या पलीकडे, भिवंडी-वाडा रस्त्यापासून जरा आत. भात कापून झालं की रिकाम्या शेतात आमची वीटभट्टी लागायची. भट्टी माझ्या मोठ्या भावाची, दामूदादाची. वहिनी माहेरची वज्रेश्वरीकडची. लग्न होऊन आली तेव्हा मी शाळेत होतो, आणि मला शाळेकडे हाकलायचं काम तिच्याकडेच होतं. म्हणून ती मला नावाने हाक मारायची, आणि मला मिशा फुटून मी ट्रक चालवायला लागलो तरी पाठीत धपाटा घालायची.

दादा तापाने गेला त्या साली गावातल्या शहाण्यांनी परस्पर ठरवून टाकलं, की आता दामूची भट्टी बंद. वहिनीने दिवसकार्य उरकलं आणि लुगडं खोचून चिखलात उतरली. शहाणी मंडळी बांधावर येऊन उभी राहिली. "बघायला आलाव तर रिकाम्या हातानं नका येऊ," ती खालून म्हणाली, "येताना घमेलं घेऊन या." त्यानंतर बांधावर कुणी आलं नाही.

तिच्यासारखं उतावळं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही. भट्टी विझून थंड व्हायला वेळ लागतो, हे तिला इतक्या वर्षांत कुणी समजावू शकलं नाही. उघडायच्या दिवशी तिला घास जायचा नाही. वरमाय मांडवात फिरते तशी भट्टीभोवती फिरायची, विटांना हात लावून बघायची, चटका बसला की शिवी हासडायची आणि पुन्हा हात लावायची. पहिल्या दोन विटा हातात आल्या की त्या एकमेकींवर आपटून माझ्या कानाशी आणायची. "ऐकलास? अनंता, ऐकलास?" मला नुसतं टण्ण ऐकू यायचं. तिला काय ऐकू यायचं देव जाणे, पण तोंड असं फुलायचं की मी आपला "वा वा" म्हणून मोकळा व्हायचो.

आणि मग तिचं ते नेहमीचं पालुपद सुरू व्हायचं. "येवढी देखनी वीट पाडायची, भाजायची, आन् लोकं नेऊन तिच्या थोबाडावर सिमेंट थापनार. कुनाला दिसली का कधी?" मी म्हणायचो, "वयनी, विटेला कोन बघतंय?" ती म्हणायची, "न्हाय बघत, त्येच तर सांगते मी." या वादाला काही शेवट नव्हता, म्हणून मी ट्रक चालू करायचो.

सत्त्याऐंशी साली मोहिउद्दीनशेठ स्वतः भट्टीवर आले. भिवंडीतलं जुनं कोकणी मुसलमान घराणं, नारपोलीत त्यांचे कापड विणायच्या लूमचे मोठे कारखाने. पांढरी सफारी, पांढरे बूट, आणि भोवताली आमचा चिखल. मला वाटलं, नव्या शेडसाठी विटा हव्या असतील. पण शेठ बांधत होते हॉटेल. ऐन बाजारात, कापडाच्या पेढ्या आणि एसटी स्टँड यांच्यामध्ये, सात मजली! भिवंडीत तेव्हा चौथ्या मजल्यावर राहणारा माणूससुद्धा पत्ता सांगताना आवाज चढवायचा. कापड घ्यायला मद्रासचे, दिल्लीचे, अहमदाबादचे व्यापारी यायचे, आणि दिवस मावळला की मुक्कामाला मुंबईकडे पळायचे. कारण गावात धड लॉज नव्हतं, आणि होतं तिथे लूमच्या खडखडाटात त्यांना डोळा लागत नव्हता. आमच्या भिवंडीकरांचं उलटं, खडखडाट थांबला की आम्ही जागे होतो. तर शेठनी ठरवलं, की व्यापारी भिवंडीतच झोपला पाहिजे, जाड भिंतींच्या आत, उंचावर. हॉटेलचं नावही ठरलं होतं, सुकून.

"पण बाई, मला तशी वीट नको," शेठ म्हणाले. "मी सुतासाठी अहमदाबादला जातो ना, तिकडे मोठमोठ्या इमारती पाहिल्या, नुसत्या विटेच्या. बाहेरून गिलावा नाही, रंग नाही. काय रुबाब दिसतो! मला तसंच पाहिजे. वरपासून खालपर्यंत वीटच दिसली पाहिजे."

वहिनी गप्प झाली. मी घाबरलो, कारण ती गप्प होत नसे.

"गिलावा न्हाय?" तिने विचारलं.

"बिलकूल नाही."

"मंग रस्त्यावरून जाणारी लोकं काय बघनार?"

"तुमची वीट बघतील, दुसरं काय."

तिने पदराने तोंड पुसलं. शेठकडे पाठ केली, दोन पावलं चालली, परत आली आणि म्हणाली, "चा घेतल्याबिगर जायचं न्हाय." भाव वगैरे मी ठरवला. ती चुलीपाशी बसून स्वतःशीच हसत होती, आणि साखर किती टाकली याचं तिला भान नव्हतं. शेठनी तो पाक बिचाऱ्यांनी घोट घोट संपवला.

त्या दिवसापासून आम्हा सगळ्यांच्या डोक्याला ताप झाला. सुताराकडून सागवानाचे नवे साचे करून घेतले. माती चाळायची, पुन्हा चाळायची. कोपरा दुमडलेली वीट बाजूला, जास्त भाजून काळी पडलेली खंगर बाजूला, फिकी राहिलेली बाजूला. भट्टीवर विटा पाडणाऱ्या बायांत राहीबाई सगळ्यांत जुनी, दादाच्या वेळेपासूनची. ती एकदा वैतागून म्हणाली, "पुतळे, विटा हायत का सोयरिकीला काढलेल्या पोरी?" वहिनी म्हणाली, "पोरीच हायत. आन् बघायला सगली भिवंडी येनार हाय."

माझी कर्मकहाणी तर वेगळीच. विटा ट्रकमध्ये पेंढ्याच्या थरांत रचायच्या, आणि धक्का न देता न्यायच्या. वाडा रस्त्यावर! त्या रस्त्यावर म्हशीसुद्धा खड्डे चुकवत चालायच्या. वहिनी माझ्या शेजारी केबिनमध्ये बसून प्रत्येक खड्ड्याला माझ्या नावाने ओरडायची. आजवर मला एसटीच्या ड्रायव्हरांनी रस्ता सोडला होता, आणि आता सायकलवाले मागून येऊन पुढे जाताना हात करून जात होते. एकाने तर विचारलं, "आजारी मानूस हाय का गाडीत?" मी म्हणालो, "हाय, माझ्या शेजारी बसलंय." त्यावर धपाटा बसला.

पण खरं सांगतो, इमारत चढायला लागली तसा मीही येडा झालो. एकेक मजला वर जाताना बघून छातीत कसं व्हायचं! विटा उतरवून झाल्या की आम्ही दोघं समोरच्या लस्सीच्या दुकानापाशी उभी राहायचो आणि मान वर करून बघत बसायचो. वहिनी येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून सांगायची, "ही माझी हाय." हातगाडीवाले, ताग्यांची बोचकी वाहणारे हमाल, लूमवरून शिफ्ट संपवून येणारे भय्ये, कुणालाही. "कौन सी?" ते विचारायचे. "सब," ती म्हणायची. तिला हिंदीतला हा एक शब्द पुरत होता.

सातव्या मजल्याचा स्लॅब पडला, विटेचं काम वरपर्यंत पोचलं, दारं-खिडक्या बसल्या, लिफ्टसुद्धा बसली. आणि तिथून गाडी बिघडली.

भिवंडीत बिनगिलाव्याच्या इमारती म्हटलं तर कितीतरी होत्या. पण त्या सगळ्या एकाच जातीच्या. बांधायला घेतली, मध्येच मालकाचा पैसा संपला, की भिंती तशाच उघड्या पडायच्या. वर्षानुवर्षं तशाच राहायच्या, गजांना गंज चढायचा. म्हणून आमच्या गावात उघडी वीट दिसली की माणूस एकच गोष्ट समजायचा. त्यात सुकूनच्या भिंतींवर गवंड्यांच्या हातून पडलेल्या सिमेंटचे ओघळ, वर धूळ, लूमच्या गल्ल्यांतून उडणारी कापसाची रुई चिकटलेली, आणि मधूनमधून मिठासारखी पांढरी बुरशी फुटलेली. जवळून बघणाऱ्याला ती वीट माझ्या वहिनीची वाटत होती. लांबून बघणाऱ्याला इमारत दिवाळखोराची वाटत होती.

आधी चहाच्या टपरीवर कुजबूज झाली. मग पेढ्यांवर झाली. मोहिउद्दीनशेठ बुडाले म्हणे. गिलाव्यापुरतेही राहिले नाहीत म्हणे. सूत देणारे व्यापारी गोड बोलून मागे सरायला लागले. शेठ एकेकाला अहमदाबादच्या इमारतींचं वर्णन करून सांगायचे, आणि समोरचा माणूस "हां हां, बरोबर" म्हणत त्यांच्याकडे दयेने बघायचा. जितकं सांगावं तितकं लोकांना खरं वाटत गेलं, की शेठ बुडालेच.

मोहिउद्दीनशेठचे थोरले भाऊ गुलाम हुसेन. उंच, ताठ, पांढरी दाढी, आवाज कधी चढवणार नाहीत, पण त्यांचा शब्द घरात शेवटचा. त्यांना नमाजनंतर मशिदीच्या दारात रोज कुणीतरी हळूच विचारायचं, "भाईजान, काम कधी पुरं होणार?" विचारणाऱ्याच्या मनात काय आहे हे त्यांना कळायचं. एक दिवस घरी येऊन ते धाकट्याला म्हणाले, "शनिवारपासून गिलावा. वर क्रीम रंग. अब इस पर बहस नहीं." मोहिउद्दीनशेठनी आयुष्यात भाईजानांचा शब्द मोडला नव्हता.

पण माणूस सभ्य. निरोप पाठवला नाही, स्वतः गाडी घेऊन भट्टीवर आले. बूट यावेळी मळलेले होते. उभ्या उभ्याच त्यांनी सांगितलं, आणि शेवटी म्हणाले, "बाई, मला माफ करा. वीट तुमची अव्वल आहे. माझंच गाव मला ओळखता आलं नाही."

मला वाटलं, आता वहिनी भांडणार. मी तर वाटच बघत होतो. मला स्वतःला इतका राग आला होता, की शेठच्या सफारीवर चिखलाचा गोळा मारावा. पण तिने नुसतं विचारलं, "शनवारपासनं?"

"हो."

"आन् धुतली का?"

शेठना कळेना. "काय धुतलं?"

"वीट. सिमेटानं, धुळीनं माखलीय सगली, मी बघितलीय. तशीच गाडनार का तिला?" तिचा आवाज फाटला. "मेलेल्या मानसालापन आंगोळ घालतात शेट, मंग माती देतात. तुमच्यातबी आन् आमच्यातबी."

शेठ म्हणाले, "या तुम्ही. शुक्रवारी या. मी पंप चालू ठेवतो."

शुक्रवारी सकाळी माझ्या ट्रकमध्ये विटांच्या जागी बाया होत्या. भट्टीवरच्या सगळ्या, राहीबाईसकट. नारळाच्या शेंड्या, विटांचे तुकडे, बादल्या, जुनी लुगडी. मयताला निघाल्यासारख्या गप्प बसल्या होत्या. वहिनी माझ्या शेजारी, मांडीवर हात ठेवून. रस्त्यात खड्डे आले, मी मुद्दाम दोन चुकवले नाहीत, पण ती ओरडली नाही. तेव्हा मला खरंच रडू आलं.

गिलाव्यासाठी बांबूची परांची इमारतीभोवती वरपर्यंत बांधून तयारच होती. बायांनी कासोटे घट्ट मारले आणि चढल्या. गच्चीवरून पाण्याचे पाइप सोडले. मी म्हणालो, मी खाली बादल्या भरतो. वहिनी म्हणाली, "दादाची वीट हाय, चढ वर." चढलो. मला उंचीची भीती वाटते हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, आणि त्या दिवशीही सांगितलं नाही.

सातव्या मजल्यापासून सुरुवात केली. विटेच्या तुकड्याने सिमेंटचा ओघळ घासायचा, शेंडीने रगडायचं, वरून पाणी सोडायचं. घासण्याचा खर्रखर्र आवाज आणि पाणी. राहीबाईच्या हाताखालचा एक पट्टा धुऊन निघाला, आणि ती थांबली. आम्ही सगळ्यांनी तिकडे बघितलं.

लाल! पण नुसतं लाल म्हणून भागत नाही. ओली, ताजी, कुंकवाच्या जवळची लाली, कडा सुरीने कापल्यासारख्या, एकाखाली एक सरळ ओळी. दोन वर्षं समोर उभं राहून बघत होतो, आणि ती अशी आहे हे आम्हालाच माहीत नव्हतं.

"अगं बाय माझे!" वहिनी ओरडली. सातव्या मजल्यावरून ओरडली ती खाली एसटी स्टँडपर्यंत ऐकू गेली असेल. "राही! बघ गं! बघ कशी निघाली!"

झालं. मयताचा दिवस तिथेच संपला. बाया हसायला लागल्या, एकमेकींवर पाणी उडवायला लागल्या, कुणीतरी गाणं धरलं, दुसरीने उचललं. मी मी म्हणणाऱ्या गवंड्यांना जमलं नसतं अशा वेगाने त्या परांचीवरून एकेक मजला खाली सरकत होत्या. माझे हात सोलवटले, सदरा फाटला, आणि तरी मी वेड्यासारखा घासत होतो. वहिनी परांचीवरूनच मजल्यामजल्याला फिरत होती, कोपरे दाखवत होती, शिव्या देत होती, हसत होती. उद्या गिलावा आहे हे आम्ही विसरलो होतो. निदान मी तरी विसरलो होतो.

आता भिवंडीतला शुक्रवार म्हणजे काय, तर लूम बंद. कारखान्यांच्या विजेलाच सुट्टी. सगळा गाव रस्त्यावर. कामगार पान खात बाजारात फिरत असतात, करमणूक शोधत असतात. आणि इथे सात मजल्यांवर बाया इमारतीला आंघोळ घालतायत! खाली गर्दी जमली. हातगाड्या थांबल्या, रिक्षा थांबल्या. समोरच्या गॅलऱ्या भरल्या. लाल पाण्याचे लोट रस्त्यावरून वाहत होते, आणि लोक त्यातच उभे होते.

आमच्या भागात, गावात काय आणि शहरात काय, घर पुरं झाल्यावरच धुतात. घरभरणीच्या आदल्या दिवशी घरच्या बाया जमतात, भिंती-फरशा धुतात, मग राहायला जातात. अर्धवट घर कुणी धूत नाही, पाणी फुकट कोण घालवणार? तेव्हा खालची माणसं जे बघत होती त्याचा त्यांना एकच अर्थ लागला. मी पहिल्या मजल्याच्या परांचीवर होतो, म्हणून मला स्वच्छ ऐकू आलं. एक म्हातारा हमाल शेजारच्याला सांगत होता, "अरे, धुलाई चालू हाय, म्हंजे काम पुरं झालं! शेटनं असंच ठरवलं व्हतं."

"ऐसाइच रखेगा क्या?"

"ऐसाइच. देख ना, कैसा चमकता है!"

आणि मग ते वाक्य गर्दीतून पुढे पुढे गेलं. काम पूरा हो गया. ऐसाइच रखा है. अहमदाबाद में ऐसाइच होता है. इतके दिवस शेठ जे सांगून थकले होते, ते आता लोकच एकमेकांना पटवून देत होते, तेही शहाणपणाने, जणू यांना पहिल्यापासून माहीत होतं!

शेठच्या घरून त्यांच्या पत्नीने, तय्यबाभाभींनी, सरबताची मोठी पातेली पाठवली होती, कष्ट करणाऱ्या बायांसाठी. पण रस्त्यावर सरबत दिसलं म्हटल्यावर उरलासुरला संशयही गेला. लोक ग्लास घ्यायचे आणि मोहिउद्दीनशेठना मिठी मारायचे. शेठ गोंधळून नुसते "शुक्रिया, शुक्रिया" म्हणत होते.

तेवढ्यात जुम्म्याची नमाज सुटली. मशिदीतून पांढऱ्या टोप्यांचा लोंढा बाहेर आला आणि त्याच्या पुढे गुलाम हुसेन. चौकात आले आणि थांबले. मी परांचीवरून खाली उतरलो होतो, बादली हातात धरून त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. त्यांनी वर बघितलं. दुपारचं ऊन, ओल्या विटा, सात मजले. त्यांच्या दाढीआड काय चाललं होतं ते काही मला दिसलं नाही.

मशिदीच्या दारात जे रोज हळूच विचारायचे, तेच पहिले पुढे झाले. "मुबारक हो भाईजान! माशाल्ला, क्या चीज बनाई है!" एकाने मिठी मारली, दुसऱ्याने मारली. गुलाम हुसेननी तोंड उघडलं. मला माहीत होतं ते काय सांगणार, उद्यापासून गिलावा आहे म्हणून. पण बोलायला सवड मिळेना, एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर त्यांचं डोकं फिरत होतं. आणि त्या गर्दीतून वाट काढत एक मद्रासकडचा व्यापारी पुढे आला, कपाळावर गंध, हातात सूटकेस. "सेठजी, रूम मिलेगा?"

गुलाम हुसेननी त्याच्याकडे बघितलं, धाकट्या भावाकडे बघितलं, पुन्हा एकदा वर बघितलं.

"सोमवार से," ते म्हणाले.

टाळ्या पडल्या. मी बादली टाकली आणि वर बघून बोंब मारली, "वयनी! खाली ये! खाली ये गं!"

ती आली ती नखशिखांत भिजलेली, केसांतून लाल पाणी गळत होतं, एका हातात नारळाची शेंडी. तिला काहीच माहीत नव्हतं. गुलाम हुसेन तिच्यासमोर उभे राहिले. त्यांना लोकांदेखत माघार घ्यायची होती, आणि माघार दिसूही द्यायची नव्हती. ते गंभीरपणे म्हणाले, "बाई, काय केलंत हे? भिंत इतकी घासून साफ केलीत. आता यावर गिलावा धरणार कसा?"

"न धरायला काय झालं?" वहिनी ताबडतोब म्हणाली. "उलट घासलेल्या विटेवर गिलावा—"

मी तिच्या पायावर पाय दिला. चांगला जोरात दिला. ती कळवळली, माझ्याकडे वळली, धपाट्यासाठी हात उचलला, आणि तो हात तसाच वर राहिला. तिने माझं तोंड बघितलं. मग मोहिउद्दीनशेठचं बघितलं, ते डोळे पुसत होते. मग गुलाम हुसेनचं.

"न्हाय धरनार," ती हळूच म्हणाली. "अजाबात न्हाय धरनार शेट. मी सांगते ना."

"मग राहू दे असंच," गुलाम हुसेन म्हणाले आणि धाकट्याकडे वळले. "त्या गिलावेवाल्याला कारखान्याच्या शेडकडे पाठव. बाईंना आतून हॉटेल दाखव. भिजल्या आहेत, चहा पाज."

बाया फुगड्या घालायला लागल्या, भर बाजारात, लाल चिखलात. राहीबाईने माझा गालगुच्चा घेतला. मोहिउद्दीनशेठ वहिनीला म्हणाले, चला, लिफ्टने जाऊ. तिने लिफ्टच्या दारात डोकावून बघितलं आणि "मी आपली चालत जाते," म्हणून जिन्याकडे पळाली. मी मागून धापा टाकत.

दोन वर्षं ती इमारत बाहेरूनच बघत आली होती. सातव्या मजल्यावरच्या कोपऱ्यातल्या खोलीत ती गेली. नवी कोरी खोली, आतून गिलावा केलेल्या पांढऱ्या भिंती. खाटेला अजून प्लॅस्टिक गुंडाळलेलं. मला वाटलं आता भिंतीला टकटक होणार. पण तिने तिकडे बघितलंही नाही. सरळ खिडकीकडे गेली, दार ढकललं, आणि कमरेत वाकून हात बाहेर काढला. खांद्यापर्यंत बाहेर काढला आणि वळवून बाहेरच्या भिंतीवर तळवा टेकवला.

खालून गलका येत होता. एसटीचे हॉर्न वाजत होते, अडकलेल्या रिक्षावाल्यांच्या शिव्या ऐकू येत होत्या. ती तशीच उभी, गाल खिडकीच्या चौकटीला लावून, डोळे मिटलेले. मी म्हणालो, "वयनी, पडशील." तिने ऐकलं नाही. पाठ हलत होती, हसत होती की रडत होती मला कळेना. मला स्वतःचंही कळत नव्हतं.

"गरम हाय," ती म्हणाली. "आता रोज ऊन लागंल हिला, अनंता. रोज."